ताळा

“हे पाच पाठ करा. बाकीचं सगळं ऑप्शनला टाका,” असं म्हणून इंचनाळकर सरांनी खडू टेबलावर टाकला आणि हात झटकले.

आम्ही पाच जण बसल्या जागी उडालोच. हेडमास्तर स्वतः वर्गात येऊन फळ्यावर आयएमपी लिहून देतात, आणि तेही उद्याच्याच परीक्षेचं! दस्तगीरनं वही काढायचीही वाट बघितली नाही. तळहातावरच पेनानं गणितं उतरवायला लागला.

सर दाराशी थांबले. खिडकीपाशी उभ्या असलेल्या हिरेमठ बाईंकडे बघून म्हणाले, “बाई, पोरांना आता जास्त ताण देऊ नका. लवकर सोडा.”

 सरांच्या चपलांचा आवाज व्हरांड्याच्या टोकाला गेला तशा बाई फळ्यापाशी आल्या, डस्टर उचललं आणि पाचच्या पाच गणितं पुसून टाकली.

“बाई!” आम्ही सगळेच ओरडलो.

“पान नव्वद काढा. शाब्दिक उदाहरणं.”

आता हे म्हणजे फारच झालं. शाब्दिक उदाहरणं हा धडा आमच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या ऑप्शनला टाकलेला. माझ्या थोरल्या चुलतभावानं टाकला होता, त्याच्या मास्तरांनीही टाकला असणार. आणि बाई गेले पंधरा दिवस तोच धडा आमच्या घशाखाली उतरवत होत्या. माझं डोकं आधीच गरम. आता एसटीत कंडक्टर झाल्यापासून तरी ते जरा ताळ्यावर आलंय, पण तेव्हा कुठलं?

मी उठले. “बाई, तुम्हाला आम्ही पास व्हायला नको हाय का?”

 बाईंनी माझ्याकडे बघितलं. बाई बुटक्या, कपाळाला विभूतीची तीन बोटं, पण आवाज असा की पटांगणापलीकडच्या पिंपळावरची पाखरं उठावीत. मला वाटलं, आता फोडून काढतात. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, “गिरिजा, खाली बस. पहिलं उदाहरण वाच.”

बसले. काय करणार? पण मनात ठरवलं, परीक्षा झाली की या बाईचं तोंड बघायचं नाही.

आता आम्ही तिथं का होतो ते सांगायला पाहिजे. नववीत आमच्या पाच जणांचं गणित गेलं होतं. जून लागला, शाळा भरली, पण आम्ही धड नववीत नाही आणि धड दहावीत नाही. शाळेनं फेरपरीक्षा घ्यायचं ठरवलं होतं. तिची तयारी कुणी करून घ्यायची, यावर कुणी काही बोललं नव्हतं. हिरेमठ बाईंनी आपणहून तास लावला, शाळा सुटल्यानंतरचा. सगळी पोरं फाटकातून बाहेर यायची तेव्हा आम्ही दप्तरं घेऊन आत शिरायचो. “रिपेअरला आली रं, रिपेअरला आली!” म्हणून पोरं ओरडायची. दस्तगीरला ते जास्त लागायचं, कारण त्याच्या वडलांचं सायकलदुरुस्तीचं दुकानच होतं.

बाईंचा एकच हेका होता. ताळा. “उत्तर आलं म्हणजे गणित झालं नाही. आलेलं उत्तर परत गणितात घालून बघायचं. जुळलं तर तुमचं. ताळा केल्याशिवाय खडू खाली ठेवायचा नाही, आणि ताळा केल्याशिवाय लिहिलेलं पुसायचंही नाही.” हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की दस्तगीर बाईंच्या आवाजात त्याची नक्कल करायचा. डबा खाताना चटणी चाटून बघायचा आणि म्हणायचा, “ताळा जुळला गं!”

त्या संध्याकाळी घरी गेले तर आत्या चुलीपाशी बसून बोटांना एरंडेल चोळत होती. आई गेल्यापासून मी आत्याकडेच होते. ती काजूच्या फॅक्टरीत जायची. काजू फोडताना टरफलाचं तेल उडतं, ते कातडी जाळतं. आत्याची बोटं कायमची काळी पडली होती. लग्नाकार्यात ती हात पदराखाली धरून बसायची.

“उद्या हाय न्हवं परीक्षा?” तिनं विचारलं.

“हाय.”

“बघ बाई. पास झालीस तर शाळा. न्हाई तर माझ्यासंगं फॅक्टरीत. मुकादमाला सांगून ठेवलंय मी. जागा हाय म्हणाला.”

ती रागानं बोलत नव्हती, तेच वाईट होतं. मी तिच्या बोटांकडे बघितलं आणि जेवण तसंच ठेवून वही काढली. दस्तगीरच्या हातावरची पाच गणितं मी उतरवून आणलीच होती. ती केली. आणि मग, का कोण जाणे, पान नव्वदपण काढलं. बाईंवर राग होता तरी काढलं. माझ्या बोटांना तशी सवयच लागली होती बहुतेक.

दुसऱ्या दिवशी पेपर हातात आला, आणि बघते तर काय! तीच पाच गणितं. आकड्याचाही फरक नाही. दस्तगीरनं मागं वळून माझ्याकडे बघून डोळा मारला. मला एवढा आनंद झाला आणि बाईंचा एवढा राग आला, दोन्ही एकदमच. बाई पर्यवेक्षणाला नव्हत्या. असत्या तर मी त्यांच्याकडे रोखून बघितलं असतं.

दोन दिवसांनी सरांनी आम्हाला पालकांसकट बोलावलं. आत्यानं फॅक्टरीत खाडा केला, धुवट पातळ नेसली. आमच्याच रिपेअरच्या वर्गात खुर्च्या मांडल्या होत्या. बाकीच्या तिघांचं आधीच उरकलं होतं. त्यांच्यातला एक मला व्हरांड्यात भेटला, पण मान वर करून बघेना. मला वाटलं, नापास झाला असणार.

आत इंचनाळकर सर, बाजूला हिरेमठ बाई. समोर मी, आत्या, दस्तगीर आणि त्याचे अब्बा. गाव त्यांना बाबूचाचा म्हणायचं. दुकान बंद करून थेट आले होते, हाताला ग्रीस तसंच.

“अभिनंदन,” सर म्हणाले. “दोघंही पास.”

आत्यानं हात जोडले. काळी बोटं दिसतील याचंही तिला भान राहिलं नाही.

“आता असं करा,” सर पुढं म्हणाले, “दोघांचेही दाखले तयार ठेवलेत. जाताना घेऊन जावा.”

“दाखला?” बाबूचाचा म्हणाले. “कशाचा दाखला?”

“शाळा सोडल्याचा. मुलं नववी पास आहेत, दहावीला कुठंही प्रवेश मिळेल. आजऱ्याला चांगल्या शाळा आहेत. नाही तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. ते आणखी सोपं.”

आत्याला काही उमगेना. “म्हंजे? पास झाली न्हवं पोरगी?”

“झाली की.”

“मग हितंच बसू दे की दहावीला.”

सरांनी चष्मा काढून पुसला. माणूस तसा वाईट नव्हता. पांढराशुभ्र शर्ट, कुणाला कधी अरेतुरे नाही. पण शाळेच्या फाटकाशेजारच्या भिंतीवर दहावीचा निकाल रंगवलेला होता, सलग सगळी वर्षं शंभर टक्के, आणि ती भिंत सरांना पोटच्या पोरीसारखी होती. “आत्याबाई, स्पष्ट बोलतो. ही मुलं बोर्डाला टिकायची नाहीत. नववीत नापास ठेवली तर त्यांचं वर्ष जातं, आम्हालाही घोर. त्यापेक्षा पास करून सोडलं, सगळ्यांचं भलं.”

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती पाच गणितं आम्हाला दहावीत न्यायला दिलेली नव्हती, फाटकाबाहेर काढायला दिलेली होती. आणि बाईंना ते माहीत होतं. गेल्या वर्षीही हेच झालं असणार, त्याच्या आधीही. व्हरांड्यातल्या त्या पोराच्या हातातही दाखलाच पडला असणार.  आजऱ्याला रोज एसटीनं पोरगीला धाडणं आपल्याच्यानं व्हायचं नाही, हे आत्यानं आधीच सांगून टाकलं होतं. म्हणजे पास होऊनही फॅक्टरीच.

“सर,” मी म्हटलं, “पण आम्ही पेपर लिहिलाय की.”

“बाळ, तो पेपर मीच तुम्हाला सांगितला होता. बोर्डाचा पेपर कोण सांगणार?”

 खरंच होतं ते. तेवढ्यात हिरेमठ बाई उठल्या.

“मी तेच म्हणते, सर. पेपर राहू द्या बाजूला. हा फळा आहे, हा खडू आहे. तुम्हाला पाहिजे ते घाला. ज्याला येईल तो या शाळेत राहील. या पालकांसमोर बोला.”

सर हसले. “काहीही घालू?”

“काहीही.”

“शाब्दिक उदाहरण घालू?”

“घाला की.”

सरांनी जरा विचार केला. “ठीक आहे. पण बाई, मधे तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. खूणसुद्धा नाही.”

बाई खाली बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

पहिला दस्तगीर. सरांनी उदाहरण सांगितलं. एका गोठ्यात बैल आणि माणसं मिळून डोकी वीस, पाय छप्पन. तर बैल किती, माणसं किती? दस्तगीरनं अब्बांकडे बघितलं, मग फळ्याकडे वळला. समीकरणं त्यानं बरोबर मांडली. मी मनातल्या मनात करायला गेले, पण पायांचा आकडाच दोनदा विसरले. त्यानं लिहिलं, बैल आठ, माणसं बारा.

“चूक,” सर म्हणाले.

दस्तगीर थबकला.

“चूक आहे,” सर पुन्हा म्हणाले. आवाज चढवला नाही, नेहमीसारखंच शांतपणे.

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. “दस्त—”

सरांनी हात वर केला. बाईंनी ओठ मिटले.

दस्तगीरनं डस्टरही शोधलं नाही. तळहातानंच पुसलं, ज्या तळहातावर त्यानं ती पाच गणितं लिहिली होती त्याच. आणि घाईघाईनं लिहिलं, बैल बारा, माणसं आठ.

सर बाबूचाचांकडे वळले. “बघितलंत? मला का मुलांचं वाईट करायचंय?”

“न्हाई जी,” बाबूचाचा म्हणाले. “मास्तर चूक म्हंतेत म्हंजे चूकच असंल.” ते उठले. दस्तगीरनं खडू ठेवला आणि माझ्याकडे न बघता त्यांच्या मागून गेला. खिडकीतून दिसलं, बाबूचाचा फाटकाशी सायकल धरून उभे होते आणि दस्तगीर कॅरिअरला टेकला होता. ऑफिसातून दाखला यायची वाट बघत होते.

“मगदूम,” सर म्हणाले. माझं आडनाव.

मी उठले.  आत्यानं पाठीवर हात ठेवला, तो हात कुठं कुठं खरखरीत आहे ते मला पोलक्यातून कळलं.

“आईचं आजचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट. बारा वर्षांनी ते मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल. दोघींची आजची वयं काढ.”

फळ्याच्या अर्ध्या भागावर दस्तगीरचं गणित होतं. उरलेल्या अर्ध्यात मी सुरू केलं. मुलीचं वय क्ष. आईचं तीन क्ष. बारा वर्षांनी... खडू मोडला. मागं कुणी खोकललं तरी मला दचकायला होत होतं. दुसरा तुकडा घेतला. क्ष बरोबर बारा. मुलगी बारा, आई छत्तीस. लिहून बाजूला झाले.

“चूक,” सर म्हणाले.

आई गं!  मला डोळ्यासमोर फॅक्टरीतली ओळ दिसली, खाली माना घालून बसलेल्या बायका. हेडमास्तर चूक म्हणतायत. आमच्या गावात मास्तरांनी चूक म्हटल्यावर चूकच. आईबापांनी तेच शिकवलेलं, पोरंही तेच शिकलेली. माझा हात फळ्याकडे गेला. पुसायलाच गेला, खोटं कशाला बोलू? बोटं बाराच्या आकड्यावर टेकलीसुद्धा.

आणि तिथंच अडली. ताळा राहिला होता. ताळा केल्याशिवाय पुसायचं नाही.

मी बाईंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सर म्हणाले असते, खूण केली. फळ्याकडे तोंड करूनच म्हटलं, “सर, ताळा करू?”

“काय?”

“ताळा, सर. चुकलं असंल तर जुळणार न्हाई. मग पुसते.”

 मी लिहायला लागले, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणायला लागले, कारण गप्प राहिले असते तर रडू फुटलं असतं. “मुलगी बारा. बारा त्रिक छत्तीस. म्हणजे आई छत्तीस, तिप्पट. हे जुळलं. आता बारा वर्षांनी मुलगी चोवीस. आई छत्तीस न् बारा, अठ्ठेचाळीस. चोवीस दुणे अठ्ठेचाळीस.”

“व्हय की ओ!” मागून आत्या ओरडली. “बरोबरच हाय की! अठ्ठेचाळीसच हुत्यात!” आत्या चौथी शिकलेली, पण वयाचे हिशेब बायकांना कुणी शिकवावे लागत नाहीत.

मी वळले. “ताळा जुळतोय, सर. मी पुसणार न्हाई.”

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग फळ्याकडे.  ते आमची परीक्षा बघत होते की आमचा काटा काढत होते, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांनाही कळलं होतं का, देव जाणे. शेवटी म्हणाले, “बरोबर आहे. बस खाली.”

आत्याचा हुंदका मला ऐकू आला. झालं होतं माझं काम. दहावी पदरात पडली होती. पण मला खाली बसवेना, कारण माझ्या गणिताशेजारी दस्तगीरचं गणित होतं आणि त्यानं तळहातानं पुसलेल्या जागी एक आठ अजून पुसट दिसत होता. मला चूक म्हटलं आणि ते चूक नव्हतं. मग त्याला?

“सर,” मी म्हटलं, “दस्तगीरचा ताळा राहिलाय.”

“गिरिजे, बस की गं आता,” आत्या कळवळून म्हणाली. हातातला घास पोरगी घालवतीय, असं तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटत होतं. सरांच्या कपाळावर आठी चढली होती. पण खडू माझ्या हातातच होता, आणि ताळा राहिला असला तर खडू खाली ठेवायचा नाही.

त्याच्या गणिताखाली लिहायला लागले, “बैल आठ. आठ चोक बत्तीस. माणसं बारा. बारा दुणे चोवीस. बत्तीस न् चोवीस... छप्पन. डोकी वीस, पाय छप्पन. त्याचं बरोबर हुतं, सर. तुम्ही चूक म्हटला म्हणून त्यानं पुसलं.”

  हिरेमठ बाईंचे हात अजून मांडीवरच होते, पण बोटं एकमेकांत एवढी घट्ट रुतली होती की नखं पांढरी पडली होती.

“बाई,” सर म्हणाले, “आता बोला तुम्ही. बोलायला हरकत नाही.”

“मी काय बोलू? तुम्ही पालकांसमोर शब्द दिलाय.”

सर उठले. दाराशी जाऊन शिपायाला म्हणाले, “त्या दस्तगीर नाईकवाडीला परत बोलव. आणि दोन दाखले फाडून टाक.” आणि मागं न बघता ऑफिसाकडे निघून गेले.

आता पुढचं सांगून टाकते, नाही तर गोष्ट फारच गोड होईल. पुढच्या मार्चमध्ये मी दहावीतून कशीबशी निघाले. दस्तगीर इंग्रजीत गेला. भिंतीवर त्या वर्षी शंभर लागलं नाही, आणि सर हिरेमठ बाईंशी वर्षभर कामापुरतं बोलले. बाईंनी त्याची फिकीर केली नाही. दस्तगीरला परत शाळा सुटल्यानंतर बसवलं, आणि ऑक्टोबरला काढला. आज त्याचं आजऱ्यात टू-व्हीलरचं गॅरेज आहे. माझी गाडी तिथं थांबली की चहा पाठवतो, आणि मी चहा पिऊन बघते आणि खिडकीतून ओरडते, “ताळा जुळला रे!”

पण त्या दिवशीचं राहिलं. दस्तगीर धावत आला. दारात उभा राहून आधी त्यानं फळा बघितला. आपलं गणित, त्याखाली माझ्या अक्षरातला ताळा. दोनदा वाचलं. मग बाहीनं नाक पुसत मला म्हणाला, “मला वाटलं सर म्हणतेत तर...”

“मलाबी वाटलं हुतं,” मी म्हटलं.

बाई खुर्चीतून उठल्या. फळ्यापाशी आल्या आणि डस्टर उचललं. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी पाच गणितं पुसली तेव्हा मी त्यांना काय बोलले होते ते आठवून मला कानकोंडं झालं. माफी मागायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी डस्टर माझ्या हातात दिलं.

“आता पूस,” बाई म्हणाल्या.